आधी आत येऊन बसा : बडोद्यातल्या मराठी कुटुंबांचं सर्वेक्षण करणाऱ्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीतील सर्व मंडळींस,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारी सकाळी आपले दोन कार्यकर्ते आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येऊन गेले. हातात चार पानी फॉर्म, छत्तीस रकाने, वर मंडळाचा शिक्का. स्मरणिकेसाठी बडोद्यातल्या मराठी कुटुंबांची माहिती गोळा करतोय म्हणाले. मुलं गुणी होती. चपला काढायला नकोत म्हणून दारातच उभी राहिली. चहा टाकते म्हटलं तर "नको काकू, अजून अकरा घरं करायचीत." मी सांगत गेले, ते लिहीत गेले, सही घेतली आणि सात-आठ मिनिटांत जिना उतरून गेले.

उपक्रम चांगला आहे, हे आधीच सांगते. मी जुनी सभासद आहे, वर्गणी कधी थकवलेली नाही. तेव्हा ही घरातल्याच बाईची कुरकुर समजा. उघड पत्र लिहायची वेळ आली, कारण फोन केला तेव्हा "वहिनी, फॉर्म छापून झालेत आता" एवढंच उत्तर मिळालं.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पण त्याआधी आपल्याच सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. केलं, आणि त्यातला सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्राचा भाग माझ्या डोक्यात जो बसला तो काउंटरवर बसूनही निघाला नाही. "त्याचा बँकेत उपयोग काय?" असं सासरे विचारायचे. उपयोग खूप झाला. बँकेत मी लोकांकडून जन्मभर फॉर्मच भरून घेतले, त्यामुळे फॉर्मात माणूस काय लिहितो हे मला चांगलं ठाऊक आहे. एक बाई 'व्यवसाय' या रकान्यात न चुकता 'गृहिणी' लिहायच्या. दर सोमवारी पिशवीभर चिल्लर आणि नोटा घेऊन भरणा करायला यायच्या. घरी चकल्या-कडबोळी करून चार दुकानांत टाकत, हाताखाली दोन मुली होत्या. एकदा म्हटलं, "ताई, इथं धंदा असं का नाही लिहीत?" तर म्हणाल्या, "हा कसला धंदा? धंदा ह्यांचा." ह्यांचं दुकान बंद पडून तीन वर्षं झाली होती! बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात 'धंदा' या शब्दाचा अर्थच तसा होता. तो अर्थ मला कळला तो त्या दर सोमवारी येत होत्या आणि मी दर सोमवारी तिथं होते म्हणून.

आता आपला फॉर्म घेऊ.

रकाना नऊ, 'घरात बोलली जाणारी भाषा'. मुलानं मला न विचारताच 'मराठी' लिहून टाकलं. चुकीचं नाही. पण त्याच वेळी मागच्या खोलीत माझ्या थोरल्या जाऊबाई दूधवाल्याचे पैसे मोजत होत्या, ओठातल्या ओठात, "अगियार, बार, तेर..." त्या गुजराती शाळेत शिकल्या, म्हणून आकडे गुजराती. देवापुढे संस्कृत. नातवावर ओरडणं मराठीत, तो उत्तर देतो ते हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत. आणि "जरा बारी लोट, वासणं घासायला बाई आलीय" हे वाक्य (बारी म्हणजे खिडकी, वासणं म्हणजे भांडी) कुठल्या रकान्यात बसवायचं ते तुम्हीच सांगा. पुण्याची भाची ऐकून हसते, आम्हाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. पोळ्या करायला येते ती मुलगी खानदेशातली, तिच्या घरी अहिराणी. तिला विचारलंत तर तीही 'मराठी'च सांगेल, कारण दारात उभ्या असलेल्या फॉर्मवाल्याला अहिराणी सांगायची नसते, हे तिला कुणीतरी कधीतरी शिकवलेलं आहे. तीन अगदी वेगळ्या गोष्टी, आणि तुमच्या तक्त्यात तिन्हींची बेरीज 'मराठी : 3'.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मानवशास्त्रही बरंचसं असंच चालायचं. युरोपातले विद्वान घरी बसून मिशनऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पत्रांवरून पुस्तकं लिहीत. जे प्रत्यक्ष जात त्यांतले पुष्कळसे साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसत आणि लोकांना तिथं बोलावून प्रश्न विचारत. ही रीत मोडण्यात मोठा वाटा ब्रॉनिस्लॉ मालिनॉव्स्कीचा. पोलंडचा माणूस, पण ऑस्ट्रियाचा प्रजाजन. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता आणि एका दिवसात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. तरी काम करायची परवानगी मिळाली. 1915 ते 1918 या काळात दोन मुक्कामांत मिळून तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जवळजवळ दोन वर्षं राहिला. तंबू ठोकला तो गावातच, घरांच्या मधे. भाषा शिकला, दुभाषा सोडला. सकाळी उठून गावातून एक फेरी मारायची, कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी भांडतंय ते बघायचं. पुढे याला सहभागी निरीक्षण असं भारदस्त नाव पडलं. आपल्या आज्या हेच काम ओट्यावर बसून करायच्या, फक्त वहीत लिहीत नव्हत्या.

तिथं त्याला जे दिसलं त्यातलं एक उदाहरण तुमच्या रकाना बावीससाठी सांगते ('कुटुंबात आंतरजातीय विवाह झाला आहे काय? होय/नाही'). त्या बेटांवर एकाच कुळातल्या स्त्रीपुरुषांचे संबंध म्हणजे घोर पाप. विचारलं की प्रत्येकजण अंगावर काटा आल्यासारखं बोलायचा. प्रत्यक्षात अशा गोष्टी घडत आणि लोक कानाडोळा करत. कुणी चारचौघांत मोठ्यानं बोलून दाखवलं तरच अनर्थ व्हायचा. म्हणजे नियम खरा, नियम मोडणं खरं, आणि 'बोलायचं नाही' हा तिसरा नियम सगळ्यात खरा. आपल्या बावीस नंबरला आमच्या वाड्यातल्या चार घरांनी 'नाही' लिहिलंय असं ऐकते. त्यातल्या दोन लग्नांना मी जेवून आलेय.

रकाना बाराबद्दल तर मला रागच आला. 'कुटुंबाचा प्रकार : एकत्र/विभक्त'. बडोद्याच्या मंडळानं हा प्रश्न असा विचारावा? एम. एन. श्रीनिवास 1951 साली आपल्या विद्यापीठात समाजशास्त्र विभाग उभा करायला आले, 1959 पर्यंत इथं होते. त्यांच्या बरोबरच्या आय. पी. देसाईंनी सौराष्ट्रात महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि दाखवलं की वेगळ्या छपराखाली राहणारे भाऊ मालमत्तेनं, जबाबदाऱ्यांनी, लग्नकार्यातल्या मानापमानानं एकत्रच असू शकतात. श्रीनिवासांचे इथलेच विद्यार्थी ए. एम. शाह खेडा जिल्ह्यातल्या राधवणज गावात जाऊन बसले. एका चुलीवर जेवणारं 'घर' आणि नात्यांनी बांधलेलं 'कुटुंब' या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय बोलूच नका, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्याच गावची 1825 सालची घरमोजणी त्यांना मिळाली. ती आपल्या मोजणीशेजारी ठेवून त्यांनी पूर्वी सगळे एकत्र होते आणि शहरानं फोडलं, ही आपली लाडकी गोष्ट तपासायला घेतली. हे सगळं आपल्या गावातल्या माणसांचं काम. आणि आपण खूण करा म्हणतो!

आमचंच बघा. मुलगा-सून वाघोडिया रोडला फ्लॅटमध्ये, चूल वेगळी. पण नातू शाळेतून इथंच उतरतो, लोणच्याची बरणी इथून जाते, गॅस संपला की सिलेंडर तिकडून येतो, आणि गौरी इथंच बसतात, तिकडे कधीच नाही. सुनेनं एकदा "या वर्षी आमच्याकडे बसवूया का?" असं विचारलं होतं. त्यावर घरात जी शांतता पसरली ती तुमच्या कुठल्या रकान्यात येते? मी फॉर्म भरणाऱ्या मुलाला म्हटलं, "एकत्र लिही." त्यानं विचारलं, "पण काकू, ते इथं राहत नाहीत ना?" आणि 'विभक्त' लिहिलं.

नातं विचारण्याचंही एक तंत्र असतं. 1898 साली टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेलेल्या केंब्रिजच्या संशोधकांच्या तुकडीतल्या रिव्हर्सनं ते बसवलं. आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढे पाचच शब्द वापरायचे, माणसं नावानं विचारायची, आणि मग 'याला तू काय म्हणतोस?' असं पुढे जायचं. कारण काका, दादा, भाऊ हे शब्द आपण कुणालाही लावतो. तुमच्या फॉर्मात आमचे 'अण्णा' माझे सासरे म्हणून गेलेत. ते थोरले दीर होते.

इरावती कर्व्यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नात्यांचे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्र-गुजरात दोन्ही मधल्या पट्ट्यात घातले, जिथं उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती एकमेकींत मिसळतात. बडोद्यात हे पुस्तकात वाचावं लागत नाही. माझ्या मैत्रिणीचं लग्न मामाच्या मुलाशी झालं, मराठ्यांत ते चालतं. तिची गुजराती शेजारीण हे कळल्यावर "हाय हाय, भाई साथे?" म्हणून खाली बसली. तेव्हापासून मैत्रीण बाहेर सांगताना "लांबच्या नात्यातले" म्हणते. तुमच्या फॉर्मातही तेच आहे. बडोद्यातलं मराठीपण म्हणजे काय, असा लेख स्मरणिकेत घेणार असाल तर तो त्या 'लांबच्या नात्यातले'पाशी सुरू करावा असं मला वाटतं.

आता विवाहपद्धतीचा रकाना, 'वैदिक/नोंदणी/इतर'. यातून काय कळणार? त्याऐवजी आहेराची वही बघायला मागा. आमच्याकडे सासूबाईंची आहे, लाल कापडी बांधणीची, नणंदेच्या 1974 च्या लग्नापासूनची. नाव, त्यापुढे रु. 5 आणि ब्लाउजपीस, रु. 11, स्टीलचं पातेलं मध्यम, तांब्या. कडेला वेगळ्या शाईत 'परत, मुंजीत, रु. 15'. गुजराती शेजाऱ्यांचा चांदलो (त्यांचा रोख आहेर) शेवटच्या पानांवर वेगळा, पण परतफेडीचा हिशोब तसाच चोख. एका चुलत घराच्या नावापुढे नुसती रेघ आहे. वाड्याच्या वाटणीवरून बोलणं तुटलं होतं. पुढची एकोणीस वर्षं त्या नावापुढे रेघाच आहेत, प्रत्येक कार्यात, सासूबाई नाव लिहायच्या आणि पुढे रेघ ओढायच्या. आणि मग माझ्या मुलाच्या मुंजीत अचानक : रु. 101, साडी, आणि कंसात 'स्वतः आल्या'. त्या 'स्वतः आल्या'पुढे सासूबाई नेहमी ओढत ती बारीक रेघ नाही, पेन जरा जोरात दाबलेलं दिसतं.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं 1925 साली लिहिलं की भेट ही दिसते ऐच्छिक, असते बंधनाची. देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही सक्तीचं. न देणं, न घेणं म्हणजे भांडण जाहीर करणं. सासूबाईंना मॉस माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांच्या वहीत तो ओळीनं सापडतो. (मॉस स्वतः कुठल्या बेटावर जाऊन राहिला नव्हता, दुसऱ्यांच्या नोंदी वाचून लिहिता झाला. तेव्हा घरी बसून काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. पण कुणीतरी आधी जाऊन नोंदी केलेल्या असाव्या लागतात.) 'कृपया आहेर आणू नये' असं आपण हल्ली पत्रिकेत छापतो आणि पाकिटं घेतो, त्याबद्दल कुणा तरुण मुलीनं वर्षभर लग्नांतून फिरून लिहिलं तर ते मी विकत घेऊन वाचेन.

आणि आता जे बोलायला मला खरं तर हे पत्र लिहावं लागलं ते.

रकाना तीन, 'आपले पूर्वज बडोद्यात कोणत्या निमित्ताने आले? सरदारकी/सरकारी नोकरी/व्यापार/इतर'. सरकारी नोकरीसाठी आलेल्या एका मराठी माणसाची गोष्ट आपणा सगळ्यांना माहीत आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं 9 मे 1916 ला त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. वय पंचवीस. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी तो गाभा टिकवण्याची साधनं, अशी त्यांची मांडणी. त्यात ते म्हणतात की काहींनी दार लावून घेतलं आणि इतरांना ते आपल्यावर लावलेलं आढळलं. पुढच्या वर्षी, 1917 मध्ये, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते नोकरीला बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले, ते उघडकीला आलं तेव्हा काठ्या घेतलेला घोळका आला. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही असमर्थता दाखवली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले.

त्याच बागेतल्या छोट्या रेल्वेत आपण सगळे लहानपणी बसलो आहोत.

तुमच्या रकान्यात हा माणूस 'सरकारी नोकरी'वर खूण करून अगदी नीट बसला असता. का निघून गेला, याला रकाना नाही. आणि त्या वेळी या गावात मराठी घरं काही कमी नव्हती.

मी आपल्या त्या दोन कार्यकर्त्यांना विचारलं, यादी कुठून घेतली? "मंडळाच्या सभासदांची आहे, काकू." म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, थोडं कारेलीबाग. मकरपुऱ्याकडे कारखान्यांत कामाला आलेले खानदेशी? सरदारांबरोबर आलेल्या बारगीर घोडेस्वारांचे, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांचे, पाणी वाहणाऱ्या पखालवाल्यांचे वंशज? बौद्ध वस्तीतली घरं? ते सभासद नाहीत, कारण त्यांना कधी कुणी 'व्हा' म्हटलं नाही. मग मुखपृष्ठावर 'बडोद्यातील मराठी कुटुंबे' छापू नका, 'आमच्या ओळखीची कुटुंबे' छापा.

श्रीनिवासांसारख्या माणसालाही हे टाळता आलं नव्हतं, पण त्यांनी ते लपवलं नाही. म्हैसूरकडच्या एका गावात ते 1948 साली राहिले. मुक्काम मुखियाच्या बैलघरात, जातीनं ब्राह्मण, त्यामुळे गाव त्यांना बरंचसं वरच्या आळीतून दिसलं, खालच्या वस्तीत मोकळेपणानं बसता आलं नाही. हे त्यांनी स्वतःच लिहिलं. 1970 साली अमेरिकेत असताना लागलेल्या आगीत त्यांच्या अनेक वर्षांच्या टिपणांच्या प्रती जळाल्या, तेव्हा त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहायला घेतलं आणि त्यात आपण कुठं बसलो होतो, कुणी आपल्याला कुठं नेलं नाही, हेही येऊ दिलं. गावाचं खरं नाव मात्र बदललं. तुम्ही तर नाव, पत्ता, गोत्र, उत्पन्न आणि फोन नंबर एकाच पानावर छापणार आहात. दहा हजार प्रती काढा की दोनशे, त्या 'रेघ' ओढलेल्या चुलत घरापर्यंत त्या पोचणारच. निदान उत्पन्नाचा आणि फोनचा भाग काढा, आणि ज्यानं जे सांगितलं ते छापण्याआधी त्याला वाचून दाखवा.

आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही. आपल्या संस्थानानं स्वतःच्या खानेसुमारीचे जाडजूड खंड छापले होते, आणि अभ्यासकाला आजही ते लागतात. पण तुमच्याकडे तेवढी माणसंही नाहीत आणि पैसेही. तुमच्याकडे दोन गुणी मुलं आहेत. त्यांना चारशे घरं करायला लावू नका. दहा घरं द्या, त्यातली निदान पाच सभासद नसलेली. वर्षभर वेळ द्या. चैत्रातलं हळदीकुंकू, श्रावण, गणपती, एखादं बारसं, एखादा दहावा, एवढं त्या घरांतून बघू द्या. रोज रात्री वहीत काय पाहिलं ते लिहायचं, आणि समोरच्या पानावर स्वतःला काय वाटलं ते. ही दुसरी बाजू महत्त्वाची. मालिनॉव्स्कीची खासगी डायरी त्याच्या मृत्यूनंतर 1967 साली छापली गेली, तर त्यात त्याच बेटांवरच्या लोकांबद्दल चिडचिड आणि फार वाईट शब्द निघाले. मोठा माणूस होता, तरी निघाले. आपल्या मुलांना मकरपुऱ्यात चहाचा कप हातात घेताना काय वाटलं, तेही कुठंतरी लिहिलेलं हवं.

माझा फॉर्म कृपया बाजूला काढून ठेवा, रकाना बारा दुरुस्त करायचा आहे. आहेराची वही मी कपाटातून खाली काढली आहे, पण ती दारात उभ्यानं दाखवायची वस्तू नाही. त्या दोघांना पुन्हा पाठवा, संध्याकाळी सहानंतर, कारण तोवर जाऊबाई दुपारच्या झोपेत असतात आणि त्या रेघांची खरी हकीकत त्यांनाच माहीत आहे. मला अर्धीच सांगितलीय.

आपली,
दांडिया बाजारातली एक सभासद